तगाई: एक विसरलेला शब्द

उलव्याहून एका वाचकाने विचारलंय: बुडत्या कंपनीला किंवा बँकेला सरकार पैसे घालून वर काढतं, त्या 'बेलआउट'ला मराठीत काय म्हणावं? वर्तमानपत्रं 'संजीवनी' लिहितात, ते चालेल का?

नाही चालणार. हा शब्द वाचून वाचून माझं डोकं उठलंय. बीएसएनएलला २०१९ साली सुमारे ६९ हजार कोटी, २०२२ साली १ लाख ६४ हजार कोटी, २०२३ साली आणखी ८९ हजार कोटी, आणि दर वेळी कुठे ना कुठे संजीवनी आहेच. तुमच्या उलव्याच्या पलीकडे उरणचा द्रोणागिरी आहे. मारुतीच्या हातून पडलेला तुकडा तो, असं तिथली माणसं सांगतात. पण एकाच रोग्यासाठी मारुतीला चार वर्षांत तीनदा डोंगर उचलायला लावल्याचं कुठल्याही रामायणात नाही. हां, शुक्राचार्यांची संजीवनी विद्या म्हणायची असेल तर गोष्ट वेगळी. ती असुरांसाठी होती. मेले की उठवायचे, उठले की पुन्हा तेच. मथळेवाल्यांच्या मनात ती असेल तर माझी तक्रार मागे.

इंग्रजी 'बेल'मध्ये कोठडीतून सोडवणारा जामीन आहे की होडीतलं पाणी उपसणं, हा वाद इंग्रजांनी घालावा. आपल्याकडे यासाठी एक झकास शब्द होता: तगाई. बियाणं, बैल, विहीर यांसाठी सरकार शेतकऱ्याला जे कर्ज देई ते. इंग्रजांनी त्यासाठी १८८३ आणि १८८४ साली दोन कायदे केले, पण शब्द त्यांच्या कितीतरी आधीचा. मूळ अरबी 'तकावी', म्हणजे बळ देणं. इजिप्तमध्ये पेरायच्या बियाण्याला आजही तकावीच म्हणतात! आणि त्याच धातूतली आपली 'कुवत'. 'तुझी कुवत काय' असं आपण ज्याला हिणवतो, त्याला कुवत आणून देणं म्हणजे तगाई.

आमच्या नौपाड्याच्या कट्ट्यावर एक निवृत्त प्राध्यापक येतात. त्यांचा हेका असा की हा शब्द 'तगणे'वरून आला. लढणे-लढाई, चढणे-चढाई, तशी तगणे-तगाई. ऐकायला गोड आहे. पण मग हिंदीत तकावी आणि गुजरातीत तगावी कशी? त्यांनी आपलं 'तगणे' उसनं नेलं होतं का? 'क'चा 'ग' कसा झाला, हा त्यांचा दुसरा आक्षेप. अहो, 'तकाजा'चा 'तगादा' झाला तसाच! (हे दोन शब्द मात्र भावंडं नव्हेत. तगादा काझी आणि कजिया यांच्या घरातला.) शेवटी मुरबाडच्या घरच्या पत्र्याच्या ट्रंकेतला आजोबांचा कागद त्यांच्यापुढे टाकला. बैलजोडीसाठी घेतलेलं कर्ज, आणि तलाठ्याच्या हातचं स्वच्छ मोडीवळणाचं 'तगावी'. तो 'व' बघून प्राध्यापक चहाकडे वळले.

शिवाजी महाराजांनी १६७६ साली प्रभावळीच्या सुभेदाराला, रामाजी अनंतांना लिहिलेल्या पत्रात 'तगाई' शब्द नसला तरी गोष्ट तीच आहे. ज्याच्याकडे बैल नाही त्याला बैलाचे पैसे द्या, पोटाला दाणे द्या, व्याज न लावता फक्त मुद्दल हळूहळू वसूल करा, त्याच्या 'तवानगी'प्रमाणे. तवाना हा फारसी शब्द, अर्थ पुन्हा सशक्त. अरबी घ्या की फारसी, मदत बळ येण्यासाठी आहे आणि मुद्दल परत यायचं आहे.

आजोबांच्या कागदाच्या पाठीमागे हप्त्यांच्या नोंदी आहेत, शेवटची वेगळ्या शाईत. हप्ता चुकला की ती रक्कम शेतसाऱ्याच्या थकबाकीसारखी वसूल होई, म्हणजे जमिनीवर टाच. आता व्होडाफोन आयडिया बघा. सरकारची देणी थकली, तर २०२३ साली १६,१३३ कोटींचे आणि २०२५ साली ३६,९५० कोटींचे शेअर सरकारनेच घेतले. उधारी थकवणाऱ्या गिऱ्हाइकाच्या दुकानात वाण्याने भागीदार व्हावं, तशातली गत. आजोबांना कुणी म्हटलं नाही, राहू दे हप्ता, तुझ्या बैलात आम्ही अर्धे.

म्हणून मला पंचाईत वाटते. तगाई शब्द जिवंत व्हावा असं फार वाटतं, पण याला तगाई म्हटलं तर तगाईचीच बेअब्रू. साखर कारखान्यांच्या बातम्यांतली 'थकहमी' निदान प्रामाणिक आहे. कर्ज थकणार हे नावातच कबूल.

उलवेकर, तुमचा प्रश्न राहिलाच. 'उपसा' सुचवणार होतो. चेंदणीचा कोळी होडीतलं पाणी उपसतो, ते चित्र चांगलं आहे. पण आमच्या ठाण्यात उपसा म्हटलं की खाडीतली रेती आठवते, आणि ती कोण उपसतं हेही. तूर्त 'बेलआउट'च लिहा.