कवितेतल्या कथानकावर पीएच.डी. करावी का?

सप्रेम नमस्कार.

आपली मुलगी इंग्रजीत एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असून तिला व्हिक्टोरियन (म्हणजे एकोणिसाव्या शतकातील, राणी व्हिक्टोरियाच्या काळातील) इंग्रजी काव्यातील कथन आणि कथानक या विषयावर पीएच.डी. करायची आहे. कथानक तर कादंबरीत असते, मग ते कवितेत का शोधायचे आणि त्यातून नोकरी मिळेल का, असे आपण विचारता.

कादंबरी बहरात असतानाच त्या काळातील कवींनी दीर्घ कथा पद्यात सांगितल्या, आणि त्या सांगताना कथानकाकडून निराळेच काम करून घेतले. रॉबर्ट ब्राउनिंग यांच्या ‘द रिंग अँड द बुक’ (१८६८-६९) या काव्यात, १६९८ साली रोममध्ये झालेल्या पत्नीहत्येचा उलगडा पहिल्याच सर्गात होतो. पुढच्या दहा सर्गांत आरोपी नवरा, मृत्युशय्येवरील पत्नी, तिला पळून जाण्यास मदत करणारा धर्मगुरू, वकील, पोप आणि शहरातील बघे तीच हकीकत आपापल्या परीने सांगतात. नवरा दोनदा बोलतो, आणि मरण समोर उभे असताना त्याने आधी घेतलेले सोंग गळून पडते. काय घडले यापेक्षा कोणावर विश्वास ठेवायचा, हाच इथे वाचकापुढचा पेच आहे. जॉर्ज मेरेडिथ यांच्या ‘मॉडर्न लव्ह’ (१८६२) मध्ये प्रत्येकी सोळा ओळींच्या पन्नास कवितांतून एक लग्न मोडत जाते. मात्र बऱ्याच घटना दोन कवितांच्या मधल्या मोकळ्या जागेत घडतात आणि निवेदक नवऱ्याला कधी ‘तो’ म्हणतो, कधी ‘मी’.

विषय भक्कम आहे, पण एका प्रबंधाला तो फार मोठा आहे. ब्राउनिंग यांच्यावर पुष्कळ लिहिले गेले असल्याने, मेरेडिथ यांच्या काव्यातील त्या मोकळ्या जागांवर तिने लक्ष केंद्रित करावे, असे मला मनापासून वाटते.

नोकरीबाबत मात्र आपली काळजी रास्त आहे. केवळ पीएच.डी.च्या भरवशावर न राहता तिने नेट आणि सेट या प्राध्यापकपदासाठीच्या पात्रता परीक्षांची तयारी आत्ताच सुरू करावी. २०२४ पासून नेटचे गुण पीएच.डी. प्रवेशासाठीही धरले जातात, शिवाय कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती मिळाल्यास संशोधनाच्या काळातील खर्चाचा भार आपल्यावर पडणार नाही. कायम नेमणुकीपूर्वी काही वर्षे तासिका तत्त्वावर शिकवावे लागू शकते, हे गृहीत धरूनच घरचे नियोजन करावे.

अर्ज करण्यापूर्वी तिने संशोधनाचा प्रश्न दोन पानांत मराठीत लिहून तो आधी आपल्याला वाचून दाखवावा, आणि आपल्याला जे कळले नाही तेवढेच पुन्हा लिहावे.