वाचकांचे प्रश्न : जुनी रायफल की नवी?

प्रश्न : माझा मुलगा वीस वर्षं अमेरिकेत आहे, आता तिकडचाच नागरिक झालाय. कान्सासमध्ये त्याच्या ओळखीच्या एकाचं गुरांचं मोठं रान आहे, तिथे प्रेअरी डॉग म्हणून बिळं करणारा प्राणी फार झालाय, त्यासाठी त्याला वार्मिंट रायफल, म्हणजे असे लहान उपद्रवी प्राणी लांबून टिपायची रायफल, घ्यायची आहे. शेजारी त्याची 1970 च्या दशकातली जाड नळीची रेमिंग्टन 700, .22-250 या काडतुसाची, विकतोय, आणि दुकानात जवळपास तेवढ्याच पैशात टिक्का कंपनीची नवी रायफल मिळते. मी वडिलांच्या डबलबारीवर आंब्याची बाग राखली, मला जुनं तेच भक्कम वाटतं. तो म्हणतो नवीनचा नेम चांगला. काय घ्यावं?
— एक वाचक, देवगड

उत्तर : काका, तुम्ही बोलताय घडणीबद्दल आणि तो बोलतोय नेमाबद्दल, आणि या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जुन्या रायफलींचं नाव झालं ते घडणीवर. अक्रोडाचा दस्ता, हाताने कोरलेली जाळी, खोल निळं पॉलिश, काडतूस आत ढकलणारा, तुपासारखा सरकणारा बोल्ट. 1964 साली विंचेस्टरने आपल्या मॉडेल 70 चा खर्च कमी केला, बोल्टवरचा काडतूस पकडणारा मोठा मॉझर पद्धतीचा पंजा काढला, दस्त्यावरची जाळी कोरायची सोडून दाबून उठवायला लागले, आणि तेव्हापासून तिकडचे लोक 64 च्या आधीची रायफल शोधत फिरतात. ते बरोबरच आहे, हातात घेतली की फरक कळतो.

पण गंमत बघा, तुमच्या मुलाला मिळतेय ते रेमिंग्टन 700 मॉडेल तर 1962 साली निघालेलं, स्वस्तात बनावं म्हणूनच आखलेलं. तिचं रिसीव्हर, म्हणजे बोल्ट ज्यात सरकतो तो पोलादी भाग, गोल दांड्यातून लेथवर कातलेलं, धक्का पेलणारा लग वेगळा, वॉशरसारखा मधे बसवलेला, पंजाही छोटा. जुने कारागीर नाकं मुरडत होते, आणि तरी तीच रायफल इतकी नेमकी निघाली की पुढे टार्गेटवाल्यांनी तिच्याच धर्तीवर आपल्या रायफली बांधल्या, कारण गोल वस्तू सरळ कातणं आणि दस्त्यात नीट बसवणं सोपं जातं. म्हणून दिसायला साधी ती नेमाला कमी, असं धरून चालू नका.

नेम कशावर ठरतो? नळी, नळीचं तोंड, दस्त्यातली बैठक आणि ट्रिगर. यातल्या शेवटच्या दोन गोष्टींत नव्या रायफली खरंच पुढे गेल्यात. 2003 च्या सुमारास सॅव्हेजने हलका आणि तरीही सुरक्षित ट्रिगर कारखान्यातूनच द्यायला सुरुवात केली, मग बाकीच्यांनाही द्यावा लागला. टिक्का फिनलंडची, साकोच्या कारखान्यात बनते, आणि कंपनी शंभर यार्डावर तीन गोळ्या साधारण एक इंचात जातील अशी हमी देते. पूर्वी एवढा नेम हवा तर नवी रायफलसुद्धा आधी गनस्मिथकडे न्यावी लागायची. आणि हा नेम लागतोच, कारण शंभरावर दोन इंचात विखुरणारी रायफल तीनशेवर सहा इंचात विखुरते, प्रेअरी डॉग उभा राहिला तरी रुंदीला तीन-चार इंच.

आता जुन्या रायफलीतला खरा धोका. .22-250 हे फार तापट काडतूस आहे, 55 ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोळी सेकंदाला हजार मीटरच्या वर पळते, आणि प्रेअरी डॉगच्या वसाहतीत माणूस एका दिवसात शंभरेक गोळ्या सहज झाडतो, त्यामुळे काडतुसाच्या घराच्या लगेच पुढचा नळीचा घसा जळत जातो. बाहेरून पॉलिश नवं दिसेल आणि आत घसा खरबरीत. मुलाला सांगा, आधी बोअरस्कोपने, म्हणजे नळीच्या आत बघायच्या दुर्बिणीने, घसा बघ, नळीचं तोंड कुठे टवकलंय का बघ, मग शेजाऱ्याला म्हण रानात जाऊ आणि शंभर यार्डावर पाच-पाच गोळ्यांचे चार ग्रुप मारू, म्हणजे एकाच नेमावर पाच गोळ्या झाडून त्या किती जवळजवळ पडतात ते चारदा बघू, तीन गोळ्यांच्या एका ग्रुपवर विश्वास ठेवू नकोस. एक इंचाच्या आसपास आले तर घे. घसा गेलेला असेल तर नव्या नळीचा खर्च किमतीतून वजा करून बोल. आणखी एक, गोळीला फिरकी देणाऱ्या नळीतल्या खाचांची पिळ जुन्या .22-250 मध्ये बहुतेक 14 इंचाला एक वेढा असते, अशा नळीला 55 ग्रेनपर्यंतच्या गोळ्या चालतात, जास्त वजनाच्या लांब गोळ्या झाडायच्या असतील तर जलद पिळाची नळी लागते.

माझं मत विचाराल तर फक्त नेम आणि काम हवं असेल तर टिक्का. जुनीची नळी चांगली निघाली आणि मुलाला लाकडाची, पोलादाची आवड असेल तर मी स्वतः जुनीच घेईन.

प्रश्न : आजोबांची .22 ची ब्रनो रायफल माझ्या नावावर रीतसर लायसन्सने आली आहे. मे महिन्यात नेम अगदी बरोबर लागतो, पावसाळ्यात मात्र गोळी डावीकडे जाते. जुनी झाली म्हणून का?
— एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : जुनी झाली म्हणून नाही हो, पावसात तुमचं दार फुगून चौकटीत अडतं ना, तेच दस्त्याचं होतंय! लाकूड दमट हवा पितं, फुगतं आणि एका बाजूने नळीला टेकतं, मग गोळी सरकते. रायफल रिकामी आहे याची दोनदा खात्री करा आणि दहाची नोट दस्ता आणि नळी यांच्यामधून सरकवून बघा, मे मध्ये आणि जुलैमध्ये ती कुठे अडते ते टिपून ठेवा. जुलैत नवीन जागी अडली की कारण सापडलं. मग परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडून दस्त्याची खाच आतून थोडी साफ करून घ्या आणि उघडं लाकूड, खांद्याला टेकणाऱ्या बटप्लेटच्या खालचंसुद्धा, चांगलं सील करून घ्या, तिथूनच पाणी जास्त शिरतं. जुनी नळी बदलायच्या फंदात पडू नका, ब्रनोच्या नळ्या फार चांगल्या असतात आणि .22 च्या मऊ शिशाच्या गोळीने त्या सहसा झिजत नाहीत, आपल्याकडे त्या मरतात त्या गंजाने. चामड्याच्या गवसणीत ठेवली असेल तर आजच बाहेर काढा, चामडं ओल धरून ठेवतं. आणि खोबरेल लावू नका, आपल्याकडे घरोघरी लावतात पण डिसेंबरात ते गोठतं आणि बोल्ट अडकतो, बंदुकीचं पातळ तेल घ्या आणि पावसाळाभर दर आठवड्याला गजाला चिंधी लावून एक हात फिरवा.