आठवीच्या मुलांना अणू-रेणू पहिल्यांदा कसे समजवावेत?

व्याख्येपासून सुरुवात नको. आंब्याची अढी घातलेली खोली आठवायला सांगा. दार उघडण्याआधीच ओटीवर हापूसचा वास येतो ना? आंब्यातून सुटून नाकापर्यंत पोचतात ते रेणू. मग पाण्याचा एक थेंब दाखवा, साधारण ०.०५ मिली. त्यात १७ वर २० शून्यं इतके रेणू, आणि प्रत्येकात हायड्रोजनचे २ अणू नि ऑक्सिजनचा १. शून्यं फळ्यावर मुलांनाच काढू द्या, वर्ग आपोआप गप्प होतो.

आपल्याकडे शिरोड्याच्या मिठागरांमुळे मिठाचं उदाहरण पटकन सुचतं. तिथेच फसायला होतं! मिठात सुटे रेणू नसतातच. सोडियम आणि क्लोराइडचे आयन (म्हणजे विद्युतभार असलेले अणू) एकाआड एक रचलेले असतात. रेणूसाठी साखर घ्या. तिच्या एका रेणूत कार्बनचे १२, हायड्रोजनचे २२ आणि ऑक्सिजनचे ११, असे ४५ अणू.

आणखी एक. मुलं मोबाईलवर हिंदी व्हिडिओ बघतात. हिंदीत ‘अणु’ म्हणजे आपला रेणू आणि ‘परमाणु’ म्हणजे आपला अणू. हे पहिल्याच दिवशी सांगून टाका, नाहीतर पेपरात उलटंपालटं लिहून येतात.