मे महिन्यात मित्राच्या घरी रत्नागिरीला

पहिल्यांदाच जाताय ना? मग आधी परतीचं तिकीट बघा. रेल्वेचं आरक्षण 60 दिवस आधी उघडतं आणि मे महिन्यातला रविवार पटकन भरतो. दादरहून तुतारी एक्सप्रेस पकडणार असाल तर ती रात्री बारानंतर सुटते, म्हणजे शुक्रवारी रात्री निघायचं तर तिकीट शनिवारच्या तारखेचं. इथे भलेभले फसतात. (मीही.)

बाकी थोडकंच:

- किती माणसं, जेवायला कधी, हे काकूंना आधीच कळवा.
- खाऊ न्या, पण आंबे नकोत!
- मेमध्ये विहिरी तळाला जातात. पाणी जपून वापरा.

दुपारी भटकंती ठेवू नका. जेवून पडवीत आडवे व्हा, खऱ्या गप्पा तिथेच होतात.