कागदावरचं षडाष्टक

प्रश्न (एक आई, मुलुंड) : मुलीची पत्रिका मोबाइलवर काढली, बावीस पानं निघाली. त्यात शुक्र-शनी ‘क्विन्कन्क्स’, रवी-शुक्र ‘सेमीस्क्वेअर’ असे सहा-सात योग लाल अक्षरांत आहेत. त्यातच मुलाची रास मेष, हिची वृश्चिक. मुलाकडच्या गुरुजींनी ‘षडाष्टक आहे’ म्हणून नकार कळवला. क्विन्कन्क्स म्हणजेच षडाष्टक, असं मुलगी म्हणते. काय करावं?

उत्तर : ताई, मुलगी अर्धी बरोबर आहे. गुरुजी म्हणतात ते दोन माणसांच्या चंद्रराशींचं षडाष्टक. मेषेपासून मोजलं तर वृश्चिक आठवी, वृश्चिकेपासून मेष सहावी. गुणमेलनाच्या ३६ पैकी राशिकूटाचे ७ गुण इथे जातात. पण मेष आणि वृश्चिक, दोन्हींचा स्वामी मंगळच. अशा जोडीला प्रीतिषडाष्टक म्हणतात आणि ते चालवून घेण्याचा प्रघात जुना आहे. मेषेला कन्या आली असती तर ते मृत्युषडाष्टक, मग मीही गुरुजींच्या बाजूने बोलले असते. त्यांना फोन करून एवढंच विचारा, ‘राशिस्वामी पाहिलात का?’ माझ्या आईवडिलांचंही प्रीतिषडाष्टक होतं. गिरगावातल्या दोन खोल्यांत जन्मभर पंखा तीनवर ठेवायचा की पाचवर, यावरून भांडले. दुसरं काही झालं नाही.

आता मोबाइलवरचं क्विन्कन्क्स. तेही सहा-आठचंच नातं, पण एकाच पत्रिकेतल्या दोन ग्रहांमधलं, १५० अंशांचं अंतर. पाश्चात्त्य पद्धतीत याचा अर्थ ‘सतत जुळवून घ्यावं लागणं’ असा लावतात. शुक्र-शनीत आला की जिव्हाळा आणि जबाबदारी यांची ओढाताण, असं सांगतात. पण बारक्या योगांना दीप्तांश, म्हणजे नेमक्या कोनापासून चालणारी सूट, फार थोडे, एक किंवा फार तर दोन अंश. तुम्ही पाठवलेल्या झेरॉक्सवर हे अंतर १५१ अंश ४८ कला (साठ कलांचा एक अंश) आहे. म्हणजे योग दाराच्या बाहेर एक पाय टाकून उभा आहे. मी तो वाचणार नाही.

लाल अक्षरांनी घाबरू नका, साधा हिशेब करा. दहा ग्रहांच्या जोड्या होतात ४५. ३०, ४५, ७२, १३५, १४४ आणि १५० हे सहा बारके योग घेतले आणि दोन-दोन अंशांची सूट दिली, तर कुठल्याही पत्रिकेत सरासरी सहाएक योग निघणारच. तुमच्या शेजारणीच्याही, माझ्याही. छापणारं यंत्र ते सगळे एकाच शाईत छापतं, एवढंच.

आणि रवी-शुक्राचा तो ४५ अंशांचा अर्धकेंद्र, म्हणजे तुमचा सेमीस्क्वेअर! त्याला तणावाचा योग म्हणतात खरं, पण जरा आकाशाकडे पाहा. शुक्र सूर्यापासून साधारण ४७ अंशांपलीकडे कधी जातच नाही. म्हणजे मुलीच्या जन्मवेळी तो सूर्यापासून जवळजवळ जास्तीत जास्त लांब होता. असा शुक्र संध्याकाळचा असेल तर सूर्य बुडाल्यावर मरीन ड्राइव्हच्या कठड्यावरून पश्चिमेला ठळक दिसतो, विमानाचा दिवा वाटावा इतका. आपल्याकडे शुक्र सूर्याजवळ जाऊन अस्त पावला की लग्नाचे मुहूर्त बंद पडतात. आणि तो सूर्यापासून मोकळा असताना यंत्र त्याला लाल शाई लावतं! या एका योगावर मुलीला कुणी काही बोललं, तर माझं नाव सांगा.

प्रश्न (ज्योतिष शिकणारा विद्यार्थी, दादर) : ७२ आणि १४४ अंशांचे योग आपल्या ग्रंथांत सापडत नाहीत. निरयन, म्हणजे ताऱ्यांवरून मोजलेल्या, आपल्याकडच्या पत्रिकेत ते धरावेत का? अयनांश (पाश्चात्त्य आणि निरयन राशिचक्रांतला फरक) वजा केल्यावर कोन बदलत नाहीत का?

उत्तर : कोन बदलत नाहीत. दोन्ही ग्रहांतून तेच २४ अंश वजा होतात, मग अंतर तेच राहणार. बदलते ती रास. ७२, १४४ आणि १३५ हे योग खगोलशास्त्रज्ञ केप्लरने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला आणले. त्याआधी प्राचीन ज्योतिषी टॉलेमीच्या काळापासून ६०, ९०, १२० आणि १८० हीच मोठी घराणी होती. केप्लरला या कोनांत संगीतातल्या स्वरांची प्रमाणं दिसत होती. म्हणूनच ७२ अंशांच्या योगाला कलागुणांचा योग म्हणत असावेत, असा माझा तर्क. आपल्या दृष्टी मात्र राशीच्या घरांवरून मोजतात : सातवी सगळ्यांची, मंगळाची चौथी-आठवी, गुरूची पाचवी-नववी, शनीची तिसरी-दहावी. पाया वेगळा आहे. शिकताना दोन्हींची खिचडी करू नकोस. करायचीच असेल तर आधी घरातली कंपासपेटी काढ आणि कोनमापकाने शंभर पत्रिका मोज.

प्रश्न (एक आजोबा, गिरगाव) : जन्म १९४८, घरीच, सकाळी सव्वासहाला. वडिलांनी करून घेतलेल्या पत्रिकेत लग्न (जन्मवेळी पूर्वेला उगवणारा राशीचा अंश) आणि शनी यांचं काही नातं नाही. नातवाच्या मोबाइलवर मात्र १५० अंशांचा योग येतो. कुणाचं खरं?

उत्तर : आजोबा, आधी घड्याळ कुणाचं ते बघू. मुंबईत १९५५ पर्यंत पुष्कळ घरांत ‘मुंबई टाइम’ चाले. तो ग्रीनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे, तर भारतीय प्रमाणवेळ साडेपाच तास पुढे. फरक ३९ मिनिटांचा. नातवाने सव्वासहा हीच प्रमाणवेळ धरली. घरातलं घड्याळ मुंबई टाइमवर असेल, तर खरी प्रमाणवेळ सहा चोपन्न. लग्न साधारण चार मिनिटांत एक अंश सरकतं, म्हणजे इथे दहाएक अंशांचा फरक पडला. एक-दोन अंशांवर जगणारा योग एवढ्या धक्क्यात उरणार नाही. ग्रहाग्रहांतले कोन मात्र तसेच राहतात. चंद्रसुद्धा ३९ मिनिटांत जेमतेम २० कला हलतो.

थोरल्या बहिणीची पत्रिका १९४३ ची आहे, असं तुम्ही लिहिलंय. तिथे आणखी एक गाठ : १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ या युद्धकाळात प्रमाणवेळेची घड्याळं तासभर पुढे होती.

तेव्हा वडिलांचा तो पिवळा कागद उजेडात धरा. कुंडलीच्या चौकटीखाली, हळदीच्या बोटाशेजारी, ज्योतिषी बहुधा बारीक अक्षरात ‘मुं. टा.’ किंवा ‘स्टँ. टा.’ लिहीत. काय सापडलं ते पोस्टकार्डावर कळवा, आणि तोवर शनीला नावं ठेवू नका.