पुढचा टायर उजवीकडूनच गोटा झालाय, म्हणजे शॉकअप वाकलेत का?

तुम्ही विचारलंय की यामाहा आर१५ बाइकचा पुढचा टायर उजवीकडून गोटा झालाय, डावीकडची नक्षी शाबूत आहे, तर शॉकअप वाकलेत का आणि टायर उलटा करून लावला तर चालेल का.

उलटा लावू नका. टायरच्या कडेवर बाण असतो, चाक त्याच दिशेने फिरलं पाहिजे.

शॉकअपबद्दल मात्र मला सविस्तर बोलायचंय, कारण याच उजव्या बाजूपायी २०१९ मध्ये माझी आर१५ अकरा हजारांनी कमी भावात गेली. साडेतीन वर्षं वापरलेली, एकदाही न पडलेली गाडी. आमच्या नाशिकच्या सिडकोतल्या घरी भाऊजी, म्हणजे थोरल्या ताईचे यजमान, स्वतःच गिऱ्हाईक घेऊन आले होते. पोराने चालवून बघितली, त्याला आवडली. तेवढ्यात भाऊजी उकिडवे बसले, पुढच्या टायरवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "ठोकलेली आहे. एका बाजूने टायर खातेय बघ." माझे वडील ओट्यावरच बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी घरात अपघात लपवल्यासारखं. पैशांचं मी विसरलो असतो, ती नजर विसरलो नाही.

भाऊजींची चूक कुठे होती ते मला नंतर कळलं. त्यांचं आयुष्य टेम्पोवर गेलं. चारचाकीत टायर एका बाजूने झिजला की अलाइनमेंट गेलं असं धरतात, आणि ते बरोबरच आहे. मोटरसायकल वळताना झुकते, हा हिशोब त्यात येतच नाही. शिवाय समोरून ठोकलेल्या गाडीचे शॉकअप मागे वाकतात. तेवढ्याने टायर एकाच बाजूने झिजत नाही.

गाडी गेल्यावरच्या रविवारी मी मित्राच्या मागे बसून सापुताऱ्याला गेलो. तिथे पार्किंगमध्ये आमच्या सहा गाड्यांचे पुढचे टायर तपासले. एक नवा होता, बाकी पाचही उजवीकडून जास्त झिजलेले. पाच जणांनी गाडी ठोकून घरी लपवली होती का?

कारण वळणांत आहे. आपण डावीकडून चालतो, त्यामुळे उजवं वळण बाहेरच्या लेनमधून मिळतं आणि डावं आतल्या. घाटातलं अर्ध्या वर्तुळाचं वळण घ्या. दोन लेनमधलं अंतर साडेतीन मीटर धरलं तर ३.५ गुणिले ३.१४, म्हणजे उजवीकडे वळताना सुमारे ११ मीटर जास्त. तेच वळण परतताना डावं होतं, पण तेव्हा आपण आतून जातो. म्हणजे जाऊन-येऊन प्रत्येक वळणाला उजव्या बाजूचे ११ मीटर जास्तच. गावातही तेच. एबीबी सर्कलला वळसा घालताना आपण उजवीकडे झुकलेले असतो, आणि चौकात डावीकडे वळतो ते हळू, जवळपास उभ्या गाडीने. अमेरिकेत वाहतूक उजवीकडून चालते, तिथे डावी बाजू आधी जाते. रस्त्याच्या उताराचंही कारण लोक सांगतात. तो उतार शंभराला दोन-अडीच असतो, थोडा हातभार लावतो, पण मुख्य दोषी तो नाही.

हे पुढच्याच टायरला जास्त दिसतं, कारण वळणात शिरताना ब्रेक दाबला की वजन पुढे येतं आणि स्पोर्ट बाइकवर आपण आधीच पुढे वाकून बसलेलो असतो. मागचा टायर हायवेवर मधोमध सपाट होतो, त्याकडे कोणी बोट दाखवत नाही.

गॅरेजवाला शॉकअप बदला म्हणाला तर आधी दोरी लावायला सांगा. मागच्या टायरच्या दोन्ही कडांना टेकवून दोन दोऱ्या पुढच्या चाकापर्यंत सरळ ताणायच्या आणि हँडल सरळ धरायचं. दोरी आणि पुढच्या टायरमधलं अंतर दोन्हीकडे सारखं आलं तर चाकं एका रेषेत आहेत. त्या दिवशी मला हे माहीत असतं तर ओट्यासमोरच दोरी ताणली असती.

भाऊबीजेला भाऊजी त्यांच्या बाइकवरून आले. मी न बोलता त्यांच्या पुढच्या टायरवरून बोट फिरवलं. उजवीकडूनच झिजलेला. वडिलांना बोलावून दाखवला. भाऊजी म्हणाले, "आमच्याकडचे रस्ते खराब आहेत." आजही तेच म्हणतात.

एक मात्र तपासा. हात फिरवल्यावर लाटांसारखे उंचवटे-खळगे लागत असतील तर ते वेगळं दुखणं आहे: कमी हवा, थकलेले शॉकअप, सैल कोनसेट (हँडलचं बेअरिंग) किंवा चाकाचा बॅलन्स. हँडल वाकडं धरल्यावरच गाडी सरळ चालत असेल तर ती खरंच ठोकलेली असू शकते, नीट दाखवून घ्या. आणि उजवी बाजू गोटा झालीच आहे, तर डावीकडची नक्षी बघत थांबू नका, टायर बदला. जुना टायर लगेच टाकू नका. गाडी विकताना कोणी असं बोट फिरवलं तर तो आणि नवा, दोन्ही शेजारी ठेवून दाखवा, आणि त्याला त्याच्या गाडीचा पुढचा टायर दाखवायला सांगा.