एका वाद्यावर उभे राहणारे गाणे

चि. मित्रा,

अनेक आशीर्वाद.

तुझ्या अल्बमची आठही कच्ची गाणी दोनदा ऐकली आणि पत्र तीनदा वाचले. बँड सोडलास ते योग्य की अयोग्य, या प्रश्नात मी शिरत नाही. तो निर्णय तुझा होता आणि त्याचे बरेवाईट तू निस्तरशील. मला अस्वस्थ केले ते पाचव्या गाण्याने. त्यात बावीस ट्रॅक, म्हणजे वेगवेगळे मुद्रित करून एकमेकांवर चढवलेले आवाज आहेत आणि त्या गर्दीत तुझा गळा शोधावा लागतो. बँडमध्ये आवाजाला जागा उरली नाही म्हणून जो बाहेर पडला, त्याने स्वतःच्या अल्बममध्येही तो आवाज अडगळीत टाकावा, याला काय म्हणावे?

माझे म्हणणे एकच आहे. जे गाणे तुझ्या गळ्यावर आणि एका वाद्यावर उभे राहत नाही, ते स्टुडिओत नेऊ नकोस.

बँड सोडून एकटा गाऊ लागलेला इंग्लिश गायक पीटर गॅब्रिएल याचा तू दाखला दिला आहेस, तर तो पुरता पाहू. आपला रॉक बँड जेनेसिस सोडणार असल्याचे त्याने १९७४च्या नोव्हेंबरात, दौरा नुकताच सुरू झाला असताना, सोबत्यांना सांगितले, आणि तरीही १९७५च्या मे महिन्यापर्यंत तो दौरा गाऊन पुरा केला. पहिला एकल अल्बम आला थेट फेब्रुवारी १९७७मध्ये, आणि त्याला नाव म्हणून केवळ स्वतःचेच नाव दिले. निर्माता बॉब एझ्रिन, गिटारवर रॉबर्ट फ्रिप आणि स्टीव्ह हंटर, बासवर टोनी लेव्हिन. एका गाण्यात चार पुरुषी आवाजांचे जुन्या अमेरिकी धाटणीचे समूहगान, तर दुसऱ्यात लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्रा. आपल्याला सगळे येते हे दाखवून देण्याची घाई मला त्यात ऐकू येते. ती घाई मी ओळखतो.

त्याच अल्बममधले ‘सोल्सबरी हिल’ मात्र वेगळे आहे. इंग्लंडमधल्या बाथ शहराजवळच्या टेकडीचे नाव घेतलेले हे गाणे बँड सोडण्याविषयीच आहे, आणि ते हंटरच्या साध्या अकूस्टिक गिटारवर तोललेले आहे. चाल सात मात्रांची. (मोजणी आपल्या रूपक तालाइतकीच, पण रूपकात समेवरच ‘खाली’, म्हणजे टाळी नसलेली मात्रा, येते, इथे मात्र प्रत्येक मात्रेवर पाऊल पडते; म्हणून हे चालणाऱ्या माणसाचे गाणे वाटते.) पुढे वाद्ये वाढतात, पण काढून टाकली तरी गाणे जागचे हलत नाही.

आता शेवटचे ‘हिअर कम्स द फ्लड’ ऐक. चाल अप्रतिम, पण एझ्रिनच्या मांडणीत ढोल आणि गिटारींचा असा लोंढा येतो की शब्द वाहून जातात. ती मांडणी गॅब्रिएललाही पुढे अवजड वाटली. फ्रिपच्या १९७९च्या ‘एक्सपोजर’ अल्बमसाठी तो तेच गाणे पुन्हा गायला, पियानो आणि मागे विरळ सूर एवढ्यावर. १९९०च्या स्वतःच्या संकलनासाठीही पुन्हा पियानोच घेतला. शब्द तेच, चाल तीच, आणि अंगावर काटा येतो तो या दुसऱ्या रूपाने. एका वाद्यावर.

प्रोग्रेसिव्ह रॉक, म्हणजे लांबलचक, वळणे घेणारी रॉक गाणी, म्हटले की विस्तार आलाच, असे तू लिहितोस. विस्ताराला मी कधी नाही म्हटले? जेनेसिसचे १९७२चे ‘सपर्स रेडी’ सुमारे तेवीस मिनिटांचे आहे, आणि ते सुरू होते बारा तारांच्या गिटारी आणि गळ्याने. ताल तीनदा बदल, वीस मिनिटे गा. पण विस्तार आणि गर्दी यांतला फरक तुला कळत नाही असे मी मानणार नाही. तुला तो कळतो, आणि तरी तू घाबरला आहेस.

जुने सोबती नवा गायक घेऊन पुढे गेले, हा सल मला तुझ्या पत्रात दिसला. जेनेसिसही गेलीच. ढोल वाजवणारा फिल कॉलिन्स गाऊ लागला, आणि १९७६च्या त्यांच्या दोन अल्बमांपैकी पहिला ब्रिटनमध्ये तिसऱ्या क्रमांकावर पोहोचला; गॅब्रिएलचा पुढच्या वर्षी सातव्या. दोन्ही संसार चालले. हा विषय इथेच सोड.

मी १९९४ साली पुण्यातला आमचा बँड सोडला, तेव्हा मला थांबवणारे कोणी नव्हते. कर्ज काढून कॅसेट केली. सहा व्हायोलिने, दोन कीबोर्ड, समूहगान, आणि एका गाण्यात सनईसुद्धा, कशासाठी ते आज सांगता येणार नाही. जुने सोबती ऐकतील आणि थक्क होतील, एवढाच माझा हिशोब होता. त्यांच्यापैकी एकाने ऐकून विचारले, “यात तू कुठे आहेस?” मी त्याच्याशी चार वर्षे बोललो नाही. बँड सोडणे चूक नव्हते, हे मी आजही ठामपणे म्हणतो. त्या तालमींत माझी एकही चाल पुरी ऐकून घेतली जात नव्हती. पण बाहेर पडल्यावर मीच ती पुरी ऐकू दिली नाही, याचा दोष कोणाला देऊ? न खपलेल्या कॅसेटींचा खोका अजून माळ्यावर आहे.

तुझा गळा माझ्यापेक्षा पुष्कळ चांगला आहे, म्हणूनच एवढे चिडून लिहितो आहे. मुखपृष्ठाचे आणि प्रकाशनाच्या तारखेचे मला आत्ता काही विचारू नकोस.

रविवारी सकाळी ये. गिटार आण, लॅपटॉप घरी ठेव. पाचव्या गाण्यापासून सुरुवात करू.

तुझा,
काका